कॉन्टेसाला खालचा जोर हवा असेल तर: इंजिन बदलण्याआधी आणि बदलताना

प्रश्न असा आहे. चाळीसगावकडची ऐंशीच्या दशकातली हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा, बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, चार गिअर. सपाटीला बरी चालते. पण चार माणसं बसवून कन्नड घाट चढताना टॉपला, म्हणजे चौथ्या गिअरला, दम सोडते आणि तिसऱ्यातही कुरकुरते. मालकाला खालच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे कमी असताना) ओढ हवी आहे, वेग नको. गॅरेजवाले एसयूव्हीचं टर्बो डिझेल टाकायला सांगताहेत. टाकावं का?

भाऊ, डिझेल टाकू नका. कॉन्टेसाला ओढ देणारं इंजिन हिंदुस्थान मोटर्सनेच पुढे याच गाडीत दिलं होतं: इसुझूचं १८१७ सीसी पेट्रोल, सोबत पाच गिअरचा बॉक्स. तेच आणा, पण सुटं इंजिन आणू नका, पूर्ण सेट आणा. आणि तेही आधी आहे त्या इंजिनाची तब्येत तपासून झाल्यावर.

आधी थोडा हिशेब करू, कारण तो न करताच लोक लाखभर रुपये घालतात. गाडी आणि चार माणसं मिळून १५०० किलो धरा. चढ १५ ला १, म्हणजे पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. नुसत्या चढासाठी १०० किलोचा जोर लागतो. टायरचं घर्षण आणि ताशी ४० चा वारा मिळून अजून सुमारे ३०. टायरची त्रिज्या ०.३ मीटर धरली तर चाकावर ३९ केजीएम (किलो गुणिले मीटर) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पाहिजे. डिफरन्शियल, म्हणजे मागच्या एक्सलमधली गिअरची शेवटची जोडी, ४:१ धरा आणि दहा टक्के वाटेत वाया जातात असं माना. मग टॉप गिअरला (रेशो १:१) इंजिनाने १०.८ केजीएम द्यायला हवेत, तेही १४०० आरपीएमला, कारण ताशी ४० ला टॉपमध्ये इंजिन तेवढंच फिरतं. बीएमसीचा पूर्ण टॉर्कच १० केजीएमच्या आसपास आणि तो ३००० आरपीएमला येतो. म्हणजे टॉपला ती गाडी हा चढ चढणारच नाही, इंजिन कालच रिबोअर केलेलं असलं तरी.

आता तिसरा गिअर बघा. रेशो १.५ धरला तर ७.२ केजीएम पुरतात आणि इंजिन २१०० आरपीएमला फिरतं. हे काम तंदुरुस्त बीएमसीने सहज करायला हवं. तुमची गाडी तिसऱ्यातही कुरकुरते, म्हणजे दोष इंजिनाच्या जातीचा नाही, त्याच्या किंवा बाकी गाडीच्या तब्येतीचा आहे. हे न ओळखता इंजिन बदललं तर नव्या इंजिनासोबत जुना दोषही गाडीतच राहतो. जाम ब्रेक, घसरणारा क्लच, चोंदलेली टाकी यांतलं काहीही इंजिनाबरोबर बाहेर निघत नाही.

म्हणून आधी चार कामं करा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडा १०० पीएसआयच्या खाली असेल किंवा सिलिंडरमध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल, तर चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा झिजल्यात, नाही गेला तर दोष व्हॉल्व्हचा. मग डिस्ट्रिब्युटर उघडा. आतली अॅडव्हान्सची वजनं (वेगानुसार ठिणगी लवकर पाडणारी) बऱ्याचदा गंजून बसलेली असतात आणि व्हॅक्यूमचा पडदा फाटलेला असतो. नळी तोंडाने ओढून बघा, धरून राहत नसेल तर पडदा गेला. तिसरं, एकाने अॅक्सिलरेटर तळाला दाबायचा आणि दुसऱ्याने कार्बोरेटरमध्ये बघायचं. फुलपाखरू (आतली हवेची झडप) पूर्ण उघडत नाही अशा गाड्या भरपूर सापडतात, केबल किंवा दांडी ढिली असते एवढंच. चौथं, सपाट जागी गाडी न्यूट्रलला हाताने ढकलून बघा. दोन माणसांना जड गेली तर ब्रेक धरून ठेवताहेत.

डिफरन्शियलचा रेशोही याच वेळी मोजून घ्या, गाडी कुठून कुठे फिरलीय आणि कोणी काय बसवलंय याचा भरवसा नसतो. मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, गिअर न्यूट्रल. उचललेलं चाक वीस फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारी फिरती दांडी) खडूची खूण करून तिचे फेरे मोजा. एकच चाक फिरत असल्यामुळे दोन फेऱ्यांना क्राउनचा (डिफरन्शियलमधल्या मोठ्या चक्राचा) एक फेरा होतो. म्हणून वीस फेऱ्यांना शाफ्ट ४१ वेळा फिरली तर रेशो ४.१. टायरही बघा. दिसायला छान म्हणून पाच टक्के मोठे टायर घातले असतील तर चाकावरची पाच टक्के ओढ तिथेच गेली.

आणखी एक गोष्ट, खास आपल्या खानदेशासाठी. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो आणि बॉनेटखालची हवा सहज ६५ अंशांवर असते. २५ अंशांच्या हवेपेक्षा ती सुमारे बारा टक्के विरळ, म्हणजे टॉर्कही जवळपास तेवढाच कमी. एअर फिल्टरचं नाक रेडिएटरच्या पुढे, ग्रिलमागे काढा. दोन इंची पाइप, दोन क्लिपा, एका दुपारचं काम. पाइप एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब ठेवा आणि तोंडाला जाळी बसवा, कापसाच्या दिवसांत ती दर आठवड्याला झाडावी लागेल.

एवढं करूनही टॉपला चढायचंच असेल, किंवा इंजिन खरोखर संपलं असेल, तर बदल करा.

टर्बो डिझेलला नाही का म्हणतो ते सांगतो. आजच्या कॉमन-रेल इंजिनाला २० ते २५ केजीएम टॉर्क असतो, ऐकायला मोह पडतो. पहिला गिअर ३.६ आणि डिफरन्शियल ४ धरला तर २५ केजीएमचे मागच्या एक्सलवर ३६० केजीएम होतात. याच हिशेबाने १.८ पेट्रोलचे २०० च्या आत राहतात आणि कॉन्टेसाचा एक्सल त्या मापाचा आहे. आधी प्रोपेलरचे क्रॉस जातात, मग हाफशाफ्ट किंवा क्राउन-पिनियन, आणि ते बहुतेक चढावर भरल्या गाडीत. शिवाय ईसीयू, इमोबिलायझर, सगळे सेन्सर, इलेक्ट्रॉनिक पेडल हा संसार तीस-चाळीस वर्षांच्या वायरिंगवर मांडायचा. इंजिनही बरंच जड, त्यामुळे पुढच्या स्प्रिंगा बसतात आणि स्टीअरिंग दगड होतं.

कंपनीने कॉन्टेसात दिलेलं इसुझूचं दोन लिटर साधं डिझेल हा सौम्य पर्याय आहे. पण बिनटर्बोच्या त्या इंजिनाचा टॉर्क १.८ पेट्रोलपेक्षा जास्त नाही, फक्त तो खाली मिळतो. ताकद कमी असल्याने घाटात ते चढेल, पण सावकाश. वर ब्रेक बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप, इंजेक्टरची रिटर्न लाइन, हीटर प्लगचं सर्किट आणि आरसीवर इंधनच बदलणं. कमी धावणाऱ्या हौसेच्या गाडीला हा खटाटोप परवडत नाही.

हौशी लोक विलायती उदाहरण देतात, म्हणून तेही बघू. एमजीबी ही छोटी स्पोर्ट्स कार आपल्याच बीएमसी बी-सीरिज घराण्याच्या १.८ इंजिनावर चालायची. १९७३ मध्ये कंपनीने तिच्या जीटी मॉडेलमध्ये रोव्हरचं ३.५ लिटर अॅल्युमिनियम व्ही-८ घातलं, टॉर्क सुमारे २६ केजीएम, तोही २९०० आरपीएमला. खालचा जोर म्हणजे काय ते त्या गाडीने दाखवलं. पण कंपनीने नुसतं इंजिन नाही बदललं. डिफरन्शियल ३.९ वरून ३.०७ वर आणला, रेडिएटर हलवला, दोन इलेक्ट्रिक पंखे दिले. इंजिन अॅल्युमिनियमचं असल्याने वजनही फारसं वाढलं नाही. इंजिन, गिअर, एक्सल, पाणी आणि वजन ही पाचही कामं एकत्र केली म्हणून ती गाडी टिकली.

आता सेट कुठून आणायचा. १.८ कॉन्टेसा मोडीत निघालेली क्वचितच मिळते. पण हेच इंजिन १९९३ पासून अॅम्बेसेडर १८०० आयएसझेडमध्ये पाच गिअरसह आलं. भंगार झालेल्या अॅम्बेसेडर अजून सापडतात, मुंबईत कुर्ल्याच्या बाजारातही सुटे सेट येतात. घेताना एकाच गाडीतून निघालेलं सगळं घ्या: इंजिन, बेल हाउसिंग, फ्लायव्हील, क्लच, गिअरबॉक्स, त्याचा क्रॉसमेंबर, प्रोपेलरचा पुढचा स्लायडिंग योक (गिअरबॉक्सच्या शेपटात सरकणारं टोक), सेल्फ, अल्टरनेटर, दोन्ही फाउंडेशन ब्रॅकेट (इंजिन ज्यांवर टेकतं ते), एक्झॉस्टचा पुढचा पाइप, अॅक्सिलरेटर केबल, रेडिएटर आणि पंखा. पन्नास रुपयांचा ब्रॅकेट सोडून आलात तर पुढे लेथवाल्याकडे दोन दिवस जातात. इंजिन-गिअरबॉक्स एकाच जोडीचे असले की अॅडॅप्टर प्लेट (न जुळणारे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी) लागत नाही आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी वाचते. अॅडॅप्टर एका मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा जास्त तिरका बसला तर गिअरबॉक्सचा इनपुट बेअरिंग आणि क्लचप्लेटचा हब वर्षभरात जातात, मग कितीही चांगले पार्ट टाका. सोबत त्या गाडीच्या आरसीची प्रत आणि विक्रीचं बिल हवंच, दोन्हींवर इंजिन नंबर लिहिलेला. नंबर पुसट किंवा घासलेला असेल तर कितीही स्वस्त असो, हात लावू नका.

इंजिन बाजारात चालू करून दाखवत नसतील तर ऑइल कॅपच्या आत बघा, पांढरट साय म्हणजे पाणी मिसळलंय. क्रँक पुली आत-बाहेर ढकला, हाताला खटखट जाणवली तर थ्रस्ट बेअरिंग गेले. वॉटर पंपची पुली हलवा. चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) काढू देत असतील तर तळाच्या गाळात पितळी चमक शोधा. गाडीत बसवायच्या आधी रिअर क्रँक सील, क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बुश, वॉटर पंप आणि सगळी पॅकिंग नवीनच टाका. हे सगळं इंजिन बाहेर असताना सोपं काम आहे, बसवल्यावर दिवसाचं.

जुनं इंजिन काढण्याआधी टेप घेऊन मापं लिहा. यात घाई करणारे पुढे बॉडी कापतात. क्रॉसमेंबरपासून ऑइल चेंबरची जागा, स्टीअरिंगच्या दांड्या पूर्ण वळवल्यावर चेंबरशी उरणारं अंतर, बॉनेट आणि एअर फिल्टरमधलं अंतर, गिअर लिव्हर टनेलमध्ये कुठे येतो, गिअरबॉक्सच्या शेपटापासून डिफरन्शियलच्या फ्लँजपर्यंतची लांबी. अॅम्बेसेडरचा चेंबर आणि ब्रॅकेट कॉन्टेसाच्या क्रॉसमेंबरवर जुळतीलच असं धरून चालू नका. चेंबर बदलावा लागला तर ऑइल पंपाची जाळीही त्याच्या खोलीप्रमाणे बदलावी लागते. जाळी आणि तळ यांत आठ-दहा मिलिमीटर अंतर हवं. जास्त राहिलं तर घाटाच्या वळणावर ऑइलचा दिवा लुकलुकतो. चिकणमातीचा गोळा चेंबरच्या तळाला दाबून चेंबर कोरडा लावून काढला की हे अंतर हातात येतं.

फाउंडेशनचे रबर नवीन घ्या, पण ब्रॅकेट वेल्ड करण्याआधी इंजिन चेनब्लॉकवर लटकतं ठेवून गिअरबॉक्सचं शेपूट साधारण तीन अंश खाली ठेवा. डिफरन्शियलच्या पिनियनचा कोन त्याच्याशी समांतर, फरक एका अंशाच्या आत. मोबाइलच्या लेव्हलने पुरेसं अचूक मोजता येतं, फक्त गाडी चाकांवर उभी पाहिजे, स्टँडवर लटकलेली नको. प्रोपेलर लांब-आखूड करावी लागलीच तर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत वेल्ड व्हायला हवेत आणि नंतर बॅलन्स करून घ्या. जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत ट्रकच्या शाफ्टचं काम करणारे कारागीर हे करू शकतात. भरल्या गाडीत स्लायडिंग योक आत सरकायला २० ते २५ मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. ते न ठेवल्यास खड्ड्यात शाफ्ट गिअरबॉक्सवर आदळते आणि शेपटाचं बुश फोडते. ताशी ६०-७० ला गाडी थरथरू लागली तर लोक टायर बॅलन्स करत बसतात. बहुतेक वेळा दोष या कोनात असतो.

अर्थिंगची पट्टी हा छोटा भाग सगळ्यात जास्त विसरला जातो. इंजिन रबरावर बसलेलं असतं. इंजिन ते बॉडी जाड तांब्याची पट्टी जोडली नाही तर सेल्फचा सगळा करंट अॅक्सिलरेटर किंवा चोकच्या केबलमधून जायला बघतो. केबल लाल होते, प्लास्टिक जळतं आणि मग दोष कार्बोरेटरवर येतो. जुना डायनॅमो असेल आणि तो काढून अल्टरनेटर लावत असाल तर डायनॅमोचा कटआउट सर्किटमधून काढा आणि बॅटरीकडे जाणारी चार्जिंगची वायर जाड घ्या.

पेट्रोलच्या नळ्याही बदला. पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या साध्या रबराच्या नळ्या त्यात फुगतात, आतून पापुद्रे सुटतात आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात. फ्लुओरो रबराच्या नळ्या मागा. फ्युएल पंपाचा पडदाही तसाच बघून घ्या. पेट्रोलची लाइन एक्झॉस्टपासून लांब फिरवा, नाहीतर मे महिन्यात दुपारी गाडी दहा मिनिटं उभी राहिली की पेट्रोलची वाफ होते आणि सेल्फ मारत बसावं लागतं.

सायलेन्सरबाबत एकच: १.८ इंजिनाला पावणेदोन इंची पाइप पुरतो. दोन-सव्वादोन इंची पाइप टाकला की खालच्या आरपीएमला धुराचा वेग पडतो आणि ज्यासाठी सगळा खटाटोप केला तोच खालचा जोर थोडा जातो.

पाण्याकडे मात्र खानदेशात दुप्पट लक्ष द्यावं लागतं. चढावर गाडी ताशी ३० ने चालते आणि वारा पाठीमागून असेल तर रेडिएटरमधून जाणारी हवा फक्त पंख्याची. पंख्याला कवच हवंच. पंख्याची पाती कवचात निम्मी आत आणि जाळीपासून २० ते २५ मिलिमीटरवर. कवच नसेल तर पंखा तीच गरम हवा गोल फिरवत राहतो. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा लावाच. उन्हाळा म्हणून तो काढून टाकण्याची सवय चुकीची आहे: इंजिन सकाळी थंड राहून झिजतं. प्रेशर कॅप ०.९ बारची असली की पाण्याचा उकळबिंदू साधारण २० अंशांनी वर जातो, म्हणून कॅपचं रबर कडक झालं असेल तर ती बदला. आणि बोअरचं पाणी अजिबात नको. त्यातले क्षार दोन उन्हाळ्यांत नळ्यांना आतून पांढरा थर देतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये तीस-पस्तीस टक्के कूलंट पुरे. आपल्याकडे पाणी गोठत नाही, कूलंट लागतो तो गंज रोखायला आणि पंपाच्या सीलसाठी.

वजनही मोजून घ्या. केळीच्या ट्रकांसाठी किंवा जिनिंगबाहेर जे वजनकाटे आहेत तिथे फक्त पुढची दोन चाकं काट्यावर घ्या, बदलाआधी एकदा आणि नंतर एकदा. पुढे तीस किलोपर्यंत वाढ असेल तर शॉकअॅब्सॉर्बर चांगले असले की चालतं. त्याहून जास्त असेल तर पुढच्या स्प्रिंगा बघाव्या लागतील. ब्रेक मात्र वजन न वाढताही पाहा. चढायला जोर आला की उतरायचा वेगही वाढतो. बूस्टरच्या नळीतला एकदिशा व्हॉल्व्ह, मागचे सिलिंडर, पाइप, ब्रेक ऑइल हे सगळं नवीन करून मगच घाटात न्या.

कागदांचं काम इंजिन काढण्याआधीचं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं आहे. इंजिन बदलायचं तर नोंदणी ज्या आरटीओत आहे, म्हणजे एमएच-१८ (धुळे), एमएच-१९ (जळगाव) की एमएच-३९ (नंदुरबार), तिथे आधी लेखी अर्ज करून परवानगी घ्यायची. अर्जात हे इंजिन कंपनीनेच कॉन्टेसात दिलं होतं, इंधन तेच पेट्रोल आहे, हे स्पष्ट लिहा आणि ज्या गाडीतून इंजिन घेणार तिचे कागद जोडा. त्यामुळे तुमची बाजू टर्बो डिझेलवाल्यापेक्षा कितीतरी मजबूत राहते, तरी परवानगी हातात आल्याशिवाय जुनं इंजिन उचलू नका. नंतर आरसीवर नवा इंजिन नंबर आणि सीसी चढवा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण होताना नंबर तपासला जातो, अपघात झाला तर विम्याचा माणूसही आधी तोच बघतो.

जुनं बीएमसी विकू नका. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसेल तरच. पहिल्या कॉन्टेसा १९८४ च्या, म्हणजे तो दिवस फार लांब नाही. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे ऑइल टाकून क्रँक दोन फेरे फिरवा, प्लग लावा, पाणी पूर्ण काढा आणि लाकडी घोडीवर झाकून ठेवा. दर दोन महिन्यांनी क्रँक थोडी फिरवत जा. मूळ गिअरबॉक्स आणि ब्रॅकेटही त्याच्याबरोबरच.

पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून सेल्फने आधी ऑइल प्रेशर येऊ द्या, मगच प्लग लावा. ऑइल २० डब्ल्यू ५०. गरम इंजिनाला दर हजार आरपीएममागे साधारण १० पीएसआय प्रेशर मिळालं तर बेअरिंग ठीक. टायमिंग लाइटने लावा, कानाने नाही. चढावर टिकटिक आवाज आला तर दोन अंश मागे घ्या. तो आवाज सहन करत चढलात तर पिस्टनची कड वितळते. पहिले ५०० किलोमीटर सपाटीला, धुळे-पारोळा-एरंडोल अशा रस्त्यावर, वेग सतत बदलत. मग ऑइल आणि फिल्टर बदला, फाउंडेशनचे नट, प्रोपेलरचे बोल्ट आणि एक्झॉस्टच्या जोडाचे नट पुन्हा कसा. त्यानंतर चार माणसं घेऊन कन्नड घाटात जा. पहिली चाचणी सकाळी, दुसरी दुपारी. पाण्याचा काटा दोन्ही वेळा एकाच जागी थांबला आणि वर पोचल्यावर गाडी बंद करून लगेच पुन्हा चालू झाली, तर बसवणूक बरोबर झाली. चौथ्यात ताशी ४० ला इंजिन धडधडायला लागलं तर तिसरा टाका. पाचही गिअर वापरायलाच दिले आहेत.